सगुणच्या अंगठ्याबाबत अर्ज

—नको, खुर्ची नको, उभ्यानंच वाचतो, बसलो तर परत उठवणार नाही मला. ऐक. 'विषय: शासनजमा जुन्या लष्करी बंदुकीचे मासेमारीच्या उपकरणात रूपांतर केल्याबाबत, तसेच सदर उपकरण आज दिनांक सोळा रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांपासून हाती धरून बसलेल्या इसमाची सुटका होण्याबाबत. संदर्भ: मुक्तिकाळात जमा झालेल्या शस्त्रांची नोंदवही, अनुक्रमांक एक्केचाळीस.' तीन प्रती आहेत. कार्बन नवा घातलाय, तिसरी प्रतसुद्धा वाचता येते — माझ्या काळात तिसरी प्रत म्हणजे नुसता धूर असायचा. मराठीत आहे, चालतो, कायद्यात तशी सोय ठेवलीय — कोकणी-मराठीवरून दोन्ही बाजूंनी मोर्चे काढून घसे बसवून घेतले त्याचा एवढा तरी उपयोग. तेव्हा सिद्धीबाय, आधी आवक नंबर घाल आणि मग काय ते विचार. नाही, विचारायच्या आधी नंबर. मामलेदार कचेरीतल्या याच मेजावर बावीस वर्षं काढली मी. नंबर पडला की अर्धं काम झालं, असं हजार माणसांना सांगितलं असेल. खोटं असायचं ते. पण सांगितलं.

कोण इसम? इसम म्हणजे सगुण, माझा मेहुणा. सत्यवतीचा धाकटा भाऊ गं — डिचोलीला खाणीवरच्या वर्कशॉपात फिटर होता, गेल्या वर्षी वर्कशॉप बंद पडलं, घरी बसला. धारगळला आमच्या घरामागं नदीच्या अंगाला त्याची पत्र्याची खोप आहे, तिथं बसलाय. हो, आत्ता. म्हणजे मी निघालो तेव्हा बसलेला होता. ते घड्याळ बरोबर आहे का? दहा वीस? बघ, त्या बंदुकीला मागच्या बाजूला एक खुंटी असते, ती सुटली की आतली सुई काडतुसावर आपटते. चाप निकामी झालाय, म्हणून ती खुंटी सगुणनं अंगठ्यानं मागं ओढून धरलीय. अंगठा सुटला की बार. आता तू म्हणशील, होऊ दे बार, नदी समोर आहे — तसं नाही ना! नळीत भाला अडकलाय. लोखंडाची कांब, पुढं काटा, मासा टोचायचा. अर्धी आत, अर्धी बाहेर, तसूभर हलत नाही. कांब पुढं जाणार नाही, मग जे काही जायचं ते मागं जाणार. हे मला सगुणनंच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, फिटर माणूस तो — 'भावोजी, नळी फुटतली. माज्या तोंडार फुटतली.' आणि वर म्हणतो, 'घाय करू नकात, पण बेगीन येवा.' पाणी देतेस का गं थोडं? 

पोलिसांत का नाही गेलो? तुझा बापूससुद्धा असेच चांगले प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. बसमधून उतरलो तो ठाण्याच्या दारातच उतरलो मी. पायरीवर एक पाय ठेवलासुद्धा. आणि मग मनात आलं, की ते पहिलं विचारणार — बंदूक कुणाची? त्याचं खरं उत्तर असं, की बंदूक सरकारची. सरकारात जमा आहे. सव्वीस वर्षं जमा आहे. फक्त ती सरकारात नाही, माझ्या माळ्यावर आहे. आता हे पायरीवर उभं राहून हवालदाराला कसं सांगायचं? पाय मागं घेतला. इथं आलो. इथं निदान कागदाची भाषा कळते.

हसू नको. बासष्ट सालचा जानेवारी. पोर्तुगिजांचं राज्य गेलं, पाखल्यांचे शिपाई गेले ते बंदुका टाकून गेले — विहिरीत, काजूच्या रानात, एक तर देवळाच्या तळीत मिळाली. लोक आणून द्यायचे, आम्ही वहीत लिहून घ्यायचो. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा. पाखल्यांच्या राज्यातही कारकून, भारतातही कारकून, राज्य बदललं तरी बूड त्याच खुर्चीत. चाळीस बंदुका मागच्या खोलीत गेल्या, खोलीला सील लागलं, साहेब किल्ली घेऊन पणजीला गेले. आणि साहेबांची गाडी वळणावरून दिसेनाशी होते तोच एक गाडीवान एक्केचाळिसावी आणि वर मूठभर काडतुसं घेऊन हजर. आता काय करायचं? सील तोडणं हा गुन्हा. बंदूक देऊन माणसाला परत पाठवणं हा त्याहून मोठा गुन्हा. मी वहीत लिहिलं — 'अ.क्र. ४१, जमा.' खाली सही केली. साक्षीदार म्हणून दुसरी सही लागते, ती झाली कुणाचीतरी. आणि एका रात्रीपुरती म्हणून सायकलला बांधून घरी नेली. ते साहेब परत आलेच नाहीत, बदली झाली. दुसरे आले, त्यांच्या पाठोपाठ लष्कराचा ट्रक आला, सील तोडलं, सुभेदारानं मोजल्या — चाळीस. वहीत एक्केचाळीस. पुन्हा मोजल्या — चाळीस. जेवायची वेळ झालेली. त्यानं एक्केचाळिसांवर सही ठोकली आणि जेवायला गेला. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगतो, बोलण्यासाठीच उघडलं होतं.

मग काय, राहिली. सत्यवतीला पहिल्याच आठवड्यात मिळाली — माळ्यावर नारळ ठेवायला गेली आणि बंदूक घेऊन उतरली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, घरात हत्यार आहे तर खंडेनवमीला पुजायला हवं. सव्वीस वर्षं, बाये! दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटावर ओळीनं मांडायची — कोयता, नारळ खोवायची आडोळी, सगुणचे पाने-हातोडे आणि शासनजमा अनुक्रमांक एक्केचाळीस. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. शेजारीपाजारी प्रसादाला यायचे, पाया पडून जायचे. सगळ्या वाड्याला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या शासनाला.

चाललं असतं असंच. पण आता वेगळं राज्य झालं ना आपलं! राज्य झालं की त्याला वस्तुसंग्रहालय लागतं, आपल्याकडं आहे काय ते दाखवायला. सहा आठवड्यांपूर्वी पेपरात चार ओळी आल्या — मुक्तिकाळातल्या शस्त्रांची यादी करणार, तालुक्यातालुक्यातल्या जुन्या वह्या तपासणार. मी त्या चार ओळी अकरा वेळा वाचल्या. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. घरासमोर जीप थांबली की मी संडासात. काल तर नारळवाल्याची रिक्षा थांबली तरी संडासात. साठाव्या वर्षी बेड्या, पेन्शन बंद, धारगळच्या तिठ्यावर लोक पावाचा उंडा चहात बुडवत बघतायत — गोकुळदास कारकून चालला बघ, ज्यानं दाखल्यावरच्या एका काना-मात्रेसाठी आम्हाला तीन-तीन फेऱ्या मारायला लावल्या! आणि मी लावल्यात गं. खूप जणांना लावल्यात.

सगुण म्हणाला, 'न्हंयत उडवया.' मी म्हटलं, नदीत टाकणं म्हणजे सरकारी मालमत्तेची नासधूस, कलम आहे. म्हणाला, तुकडे करतो. तेच कलम. म्हणाला, मग परत नेऊन द्या. कुठं नेऊन देऊ? जमा झालेली वस्तू पुन्हा जमा कशी करायची — तुझ्याकडं आहे का तसा फॉर्म? नाही ना? आणि मग एके सकाळी दात घासताना सुचलं. मलाच सुचलं, अर्जात मी 'उभयतांच्या विचाराने' असं लिहिलंय, ते तेवढं बरोबर नाही. मी म्हटलं, शेतजमिनीचं रूपांतर होतं की नाही? आयुष्यभर त्याच फायली हलवल्या — भाताच्या जागेवर शिक्का बसला की ती घराची जागा. चिखल तोच, बेडूक तेच, फक्त कागदावर बेडूक बेकायदा. मग जमीन बिगरशेती होते तर बंदूक बिगरलष्करी का होऊ नये? मासे मारायचं उपकरण करायचं आणि मच्छीमार खात्यात रीतसर नोंदवायचं. एकदा तिकडं नोंद झाली की ती बंदूक नाहीच. आणि जी नाहीच ती माझ्या घरात सापडणार कशी? तुला पटत नाही, दिसतंय मला. सगुणलाही पटलं नव्हतं, तो पोट धरून हसला. म्हणाला, 'भावोजी, म्हशीक गाय म्हणून दाखलो देतल्यात?' मी म्हटलं, दिलेत. दोनदा.

पण रिकाम्या फिटरच्या हातात लोखंड देऊ नये, हे मला कळायला हवं होतं. हसता हसता बंदूक हातात घेतली ती खाली ठेवेना. महिनाभर खोपीत ठोकाठोक. विहिरीच्या रहाटाची चाकी काढून तिच्यावर दोरी गुंडाळली — भाला माशाला लागला की दोरीनं ओढायचा — आणि तुझी सत्यवतीमावशी पंधरा दिवस कळशी हातानं शेंदतेय. दस्त्याला फणसाचं लाकूड घातलं, पॉलिश केलं. दिसायला, खरं सांगू, सुंदर झालंय. तो एवढंच म्हणाला, 'भावोजी, काडतूस नको. जुनी आसत, सव्वीस वर्सां माळ्यार दमटलेली. दाखवूक इतक्यान भागता.' मी म्हटलं, भागत नाही. खात्याचा माणूस पाहणीला येणार, उपकरण चालू स्थितीत पाहिजे. जमलं तर एक मासाही पाहिजे, जोडपत्र म्हणून. न चालणारं उपकरण म्हणजे काय? बंदूकच! — असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मोठी बहीण दिली म्हणून तो मला उलट बोलत नाही, तीस वर्षांत बोलला नाही. गप काडतूस घातलं.

आज सकाळी पाणी चढलेलं, मासे उड्या मारत होते. सगुण खोपीच्या दारात मांडी घालून बसला, नेम धरला, चाप ओढला — टक्. बस, एवढंच. तो म्हणाला, 'रवया थोडे.' मी म्हटलं, थांबायचं कशाला, पुन्हा ओढ. तो म्हणाला, 'भावोजी, रवया.' मी म्हटलं, ओढ रे, घाबरतोस काय! हे अर्जात नाही. अर्जात 'तांत्रिक बिघाड' असं आहे. त्यानं खुंटी मागं घेतली, पुन्हा चाप ओढायला गेला तर चाप लोळागोळा, आतलं काहीतरी तुटलं, खुंटी निघाली सुटायला — तो अंगठा कसा मध्ये आला ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि त्या झटक्यात कांब आत सरकून घट्ट बसली.  मासे उड्या मारत होते.

मी म्हटलं, बस असाच, पोलिसांचा जाणकार माणूस घेऊन अर्ध्या तासात येतो. अर्धा तास म्हटलं होतं मी. मग घरात गेलो. आंघोळ केली — कचेरीत यायचं तर पारोसा कसा येऊ? टाइपरायटर काढला. पहिली प्रत बिघडली, तारीख चुकली, पुन्हा घातली. खालून सगुणची हाक आली एकदा, 'भावोजी, गेलात काय?' मी टाइपरायटरचा आवाज तेवढा थांबवला. मग पुन्हा चालू केला, हळू. नऊ पन्नासची बस मिळाली.

फोन? होता. पोस्टात आहे, घरापासून शंभर पावलं. पद्मावती पोस्टमास्तरीण मला बघून आदरानं उठून उभी राहते. केला असता. पण फोनवर बोललेलं कुठं नोंद होतं? अर्ज कसा, तारीखवार असतो. उद्या कुणी विचारलं तर मी सोळा तारखेलाच कळवलं होतं — अशी बघू नको. तू लहान आहेस, तुला ठाऊक नाही, चौकशीत काय काय विचारतात.

सत्यवती? ती तिथंच आहे. मी म्हटलं होतं, घरात जा. ती म्हणते, 'तुमी जावा तुमच्या कागदांक. हेच्या दोळ्यांत घाम जाता, तो कोण पुसतलो?' पदरानं पुसतेय. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, हीच त्याची आई. आमच्या लग्नात हिच्या मांडीवर झोपला होता, अंतरपाटापर्यंत उठवता आला नाही. किती लांब म्हणजे? अगं, हातभर. हातभर कसलं, खांद्याला खांदा. तिला सांगितलं मी, लांब बस. सांगितलं असणार. मी — नाही, उशीर मुद्दाम नाही केला! मुद्दाम कोण करेल? बसमध्ये एक विचार आला, खरं सांगतो, विचार काय कुणालाही येतो — की समजा फुटलीच, तर नळीचे तुकडे होणार, नंबर आहे तो नळीवर, मग कुठली बंदूक नि कुणाची, कोण सांगणार? वही म्हणते लष्कराकडं आहे, लष्कराची सही म्हणते आहे, आणि माझ्या माळ्यावर काही नाही. प्रश्नच मिटला. बंदुकीचा म्हणतो मी! बंदुकीचा प्रश्न. सत्यवती तोवर घरात गेली असेल असं धरून चाललो होतो मी.

नाही. धरून चाललो नव्हतो. बस वळली तेव्हा झाडांतून दिसते ना खोप, तशी दिसली. दोघं दिसले.

फोन ठेव. ठेव म्हणतो. सिद्धी, ऐक — त्या वहीत दोन सह्या आहेत. वर माझी. खाली कुणाची? मघाशी म्हटलं ना, कुणाचीतरी झाली. कृष्णनाथाची आहे. तुझ्या बापसाची. माझ्या हाताखालचं पंचवीस वर्षांचं पोर होतं, मी म्हटलं घाल रे, घातली त्यानं, वाचलंसुद्धा नाही. आज तो नाही, पण नाव आहे. तुझी नोकरी नवी, लग्न ठरायचंय, आणि पोलीस वही मागणार ती तुझ्याच कपाटातली. म्हणून म्हणतो, साहेब येऊ देत, रीतसर — बाये? अगं, मी तुला धमकी देत नाही. मी कसली धमकी देणार, मला स्वतःलाच...

धाकू! धाकूला कुठं पाठवतेस? अरे धाकू, थांब, साहेबांचा हुकूम नाही — गेला. शिपाई माणूस, आयुष्यात पहिल्यांदा धावताना बघितला मी त्याला. माझ्या काळी पाण्याचा तांब्या आणायला त्याला पाऊण तास लागायचा. काय सांगितलंस त्याला? सगळं? वहीचंसुद्धा? ... बरं. बरं केलंस. तुझ्या बापसानंही हेच केलं असतं. मी विचारायला दिलं नाही त्याला.

पोलिसांची जीप निघाली, नाही का? जनेलातून बघ. तीच. वाटेत कुठं चहाला थांबणार नाहीत ना? पंधरा मिनिटं. रस्ता बरा आहे, पंधरा मिनिटं लागतील. तीन तास धरली त्यानं, पंधरा मिनिटं काय जड आहेत? खाणीवर एकदा अख्खी पाळी एका हातानं जॅक धरून बसला होता सगुण, खाली माणूस अडकलेला, सगळे सांगतात. मी ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, ओव्हरटाइम मिळाला का रे? असं म्हटलं होतं मी. तो हसला होता. — शाईचं पॅड कोरडं दिसतंय गं, दोन थेंब पाणी घाल. नंबर तेवढा टाकून ठेव, जीप पोचायच्या आत पडलेला बरा.

वाजतोय फोन. घे ना. मी कसा घेणार, मी आता बाहेरचा माणूस, मेज तुझं. घे.

कोण? धारगळ पोस्ट? पद्मावती? विचार, जीप पोचली का — नाही, एवढ्यात कशी पोचेल. काय म्हणते ती? मोठ्यानं बोलायला सांग तिला. रडतेय का? इथवर येतोय आवाज. कसला आवाज झाला म्हणते? बाये, मान खाली का घातलीस? काय झालं ते — नाही, थांब. सांगू नको. दोघांचं की — नको. एकाचंही नको. तू आधी बस. बस खुर्चीवर, आणि नंबर घाल. शिक्का कुठं ठेवलास? इथं डाव्या हाताला असायचा. तो फोन ठेव म्हणतो ना मी!

नाही घालत? बरं. नको घालूस. साहेब फिरतीवर आहेत, नंबर पडलेला नाही, पोच मिळालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.